घडी न मोडलेल्या साड्या : एका बस्त्याचा प्रकरण अभ्यास

नाशिकला माझ्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा बस्ता बांधण्याआधी घरात काय आहे ते एकदा पाहून घ्यावे म्हणून वहिनीने मला बोलावून घेतले. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्यांतून साड्या रचून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीत एकेक चिठ्ठी होती : कोणी दिली आणि कोणत्या कार्यात दिली. चिठ्ठी ठेवण्याचे कारण उघड आहे. तीच साडी फिरून त्याच घरी आहेरात जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते. सातव्या की आठव्या पिशवीतून एक आमसुली रंगाची साडी निघाली आणि तिच्या आतल्या पुठ्ठ्यावर मला माझेच अक्षर दिसले. ती साडी मी 2014 साली एका मुंजीत माझ्या चुलत जावेला दिली होती. तिथून ती कोणकोणत्या घरांतून फिरत माझ्या भावाच्या कपाटात आली हे सांगता येणार नाही, पण पुठ्ठा जागचा हललेला नव्हता आणि इतक्या वर्षांत तिची घडी कोणीही मोडली नव्हती.

मी वस्त्रतंत्र शिकले आणि पुढे कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काम केले. कपड्यांच्या नैतिक खरेदीबद्दल अलीकडे जे बोलले जाते ते मी वाचते, आणि त्यातले बरेचसे शिवलेल्या कपड्यांबद्दल असते हे माझ्या लक्षात येते. ते स्वाभाविकही आहे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मेली, ती बहुतेक कपडे शिवणारी होती, आणि त्यानंतर जगभर जो प्रश्न विचारला गेला तो शिवणाऱ्या हातांबद्दलचा होता. साडी मात्र शिवली जात नाही. तिला माप नसते, त्यामुळे ती आईकडून मुलीकडे, सुनेकडे, नातीकडे जाऊ शकते. टिकाऊपणात तिच्या तोडीचे वस्त्र शोधून सापडणार नाही. पण नेमक्या याच गुणामुळे, म्हणजे ती कोणालाही चालते आणि कोणाला काय होईल याचा विचार करावा लागत नाही म्हणून, ती देण्याघेण्याचे चलनही झाली आहे. आमच्या घरच्या बस्त्यात जे घडले ते मी या दृष्टीने लिहून ठेवत आहे.

यादी

वहिनीने आणि दादाने मिळून केलेली पहिली यादी माझ्याकडे अजून आहे. त्यात आहेराच्या 64 साड्या होत्या. त्यांपैकी 8 मानपानाच्या, प्रत्येकी सुमारे 2,500 रुपयांच्या. 16 जवळच्या नात्यातल्या, 800 रुपयांच्या. आणि उरलेल्या 40 प्रत्येकी 350 रुपयांच्या, ज्यांच्यापुढे यादीत नावे नव्हती, फक्त आकडा होता. हे 46,800 रुपये झाले. पुरुषांसाठी टॉवेल-टोपीचे 50 संच, 6,000 रुपये. नवरीच्या कपड्यांत शालू 18,000, पैठणी 15,000, शिवलेली नऊवारी 6,000, हळदीचा पिवळा पोशाख 4,500 आणि स्वागत समारंभाचा लेहंगा 32,000, असे 75,500 रुपये धरलेले होते.

भाचीला यातले काही पसंत होते आणि काही नव्हते. ती पुण्यात नोकरी करते, कपडे मोजके घेते आणि पुष्कळ वापरते. तिचे म्हणणे असे की आपल्या लग्नात कोणी नेसणारच नाही अशा साड्या वाटल्या जाऊ नयेत. दादाचे म्हणणे असे की आहेर हा कपड्यांचा प्रश्नच नाही, तो माणसांचा प्रश्न आहे, आणि तीस वर्षांत ज्यांच्याकडून आपण घेतले त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची पद्धत आता रुळली आहे, पण त्या एका ओळीने फक्त पाहुण्यांचा हात थांबतो. यजमानाने द्यायचे ते देणे तिच्याने थांबत नाही. दादाचे म्हणणे मला तेव्हाही खोटे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ज्यांनी हे सारे ‘उगाचचे’ म्हणून सोडून द्यावे असे सुचवले, त्यांच्यापैकी कोणी एखाद्या मावशीला मांडवातून तशीच परत पाठवल्याचे मी पाहिलेले नाही.

म्हणून मी एवढेच सुचवले की आधी मोजू या.

कपाटातली मोजदाद

दादाचे घर, आईची खोली आणि माझे घर अशी तीन ठिकाणची कपाटे आम्ही दोन रविवारी उघडली आणि घडी न मोडलेल्या साड्या बाजूला काढल्या. त्या 57 भरल्या. प्रत्येकीच्या पदराच्या दशीतले दोन धागे काढून मी मेणबत्तीवर जाळले. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, फक्त धागा चिमट्यात धरावा आणि खाली पाण्याची वाटी ठेवावी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशीम केस जळल्यासारखा वास देत चुरचुरत जळते आणि त्याची राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी उरतो. 57 पैकी 41 साड्यांचा मणी झाला. 11 मिश्र धाग्याच्या किंवा कृत्रिम रेशमाच्या होत्या. सुती फक्त तीन होत्या आणि रेशमी दोन.

सुती साड्या इतक्या कमी का, हे वहिनीने मला समजावून सांगितले, आणि खरे तर ते माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. आहेरात सुती साड्याही येत होत्या, पण त्या कपाटात राहिल्या नाहीत. त्या नेसल्या गेल्या, धुऊन धुऊन मऊ झाल्या, मग आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या, गोधडीही विरली तेव्हा तिची पायपुसणी झाली. शिल्लक राहिले ते कोणाला नकोच होते ते. पॉलिएस्टरच्या साडीची गोधडीही धड होत नाही. थर एकमेकांवरून सरकतात, टाका बसत नाही आणि उन्हाळ्यात ती पांघरली तर घाम टिपत नाही.

घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वहिनीने सांगितले की यातल्या हव्या त्या घ्या. मावशींनी सगळा ढीग पाहिला, तिन्ही सुती साड्या काढून घेतल्या आणि बाकीच्या नको म्हणाल्या. “याच्यात गॅसपुढं उभं राहवत नाही वहिनी. उकडतंय, आणि पदर पेटला तर अंगाला चिकटतोय.” मी प्रयोगशाळेत कापडाच्या ज्वलनाच्या कितीतरी चाचण्या केल्या असतील, त्यांचा सारांश मावशींनी एका वाक्यात सांगितला.

मग बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायकांची नजर मला नेहमीच थक्क करते. तिने एकेक साडी उलगडून उजेडाकडे धरली, काठ चिमटीत घेऊन चोळला आणि वाटे केले. कोऱ्या असूनही स्वस्त साड्यांचे तिला अप्रूप नव्हते, कारण तसल्या साड्या तिच्या बोचक्यात रोजच येतात. “खऱ्या जरीचं काही आहे का, ताई? नाही तर सुती लुगडी?” असे तिने दोनदा विचारले. खऱ्या जरीतली चांदी काढणारे लोक आहेत आणि सुती कापड पुसायच्या फडक्यांसाठी कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये जाते. अखेर 19 साड्यांवर तिने एक मध्यम आकाराचा स्टीलचा डबा दिला. एक झाकण आणखी मागावे म्हणून वहिनीने अर्धा तास घासाघीस केली, तीही निष्फळ ठरली. साडेतीनशेच्या हिशेबाने त्या डब्याची किंमत 6,650 रुपये होते, हे मी दादाला मुद्दाम सांगितले. तो हसला नाही.

साडेतीनशे रुपयांत काय काय मावते

अशा साड्या बहुतांशी सुरतेहून येतात. साडेपाच मीटर कापड, रंग, छपाई, काठाला लावलेली लेस, त्यावर चिकटवलेल्या टिकल्या, घडी, पिशवी, वाहतूक, घाऊक व्यापाऱ्याचा नफा आणि आमच्या गल्लीतल्या दुकानदाराचा नफा, हे सगळे त्या रकमेत बसवायचे असते. कापडाचा धागा पेट्रोलियमपासून बनतो आणि तो यंत्रावर वेगाने विणला जातो, त्यामुळे तो भाग स्वस्त पडतो. पण लेस शिवणे, टिकल्या लावणे आणि लोंबते धागे कापणे ही कामे आजही पुष्कळदा घरी बसलेल्या बायका नगावर करतात, आणि जिथे साडीची किंमत एवढी खाली ओढली जाते तिथे नगाचा दर काय असू शकतो याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. म्हणजे शिवणाऱ्या हातांचा प्रश्न साडीलाही अगदीच चुकलेला नाही. तो काठाशी येऊन थांबला आहे.

पॉलिएस्टर वाईट आणि सूत चांगले, असा सरळ निवाडा मी करणार नाही. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा आज पॉलिएस्टरचा असतो आणि रोज पावसात भिजत कामावर जाणाऱ्या बाईला पटकन वाळणारी, इस्त्री न लागणारी साडी मोलाची असते. विदर्भातल्या कोरडवाहू कापसाची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सूत निर्दोष असते असेही म्हणवणार नाही. नेसली जाणारी पॉलिएस्टरची साडी माझ्या मते कपाटात पडलेल्या रेशमी साडीपेक्षा बरी. आमच्या 41 साड्यांबद्दलची तक्रार ती नव्हती. त्या नेसण्यासाठी बनवल्याच नव्हत्या. त्या देण्यासाठी बनवल्या होत्या, आणि देऊन झाल्या की त्यांचे काम संपत होते.

येवल्याचा माग

पैठणीसाठी आम्ही आधी नाशिकमधल्याच एका दुकानात गेलो. तिथे 14,500 रुपयांची एक जांभळी पैठणी ‘शुद्ध हातमाग’ म्हणून दाखवण्यात आली आणि पुरावा म्हणून तिच्यावरचे सिल्क मार्कचे लेबल पुढे करण्यात आले. हा घोळ इतका सर्रास होतो की तो इथे स्पष्ट करायला हवा. सिल्क मार्क हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले चिन्ह फक्त एवढेच सांगते की रेशीम खरे आहे. ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी 2006 पासून हँडलूम मार्क हे वेगळे चिन्ह आहे. मी पदर उलटा करून पाहिला. मोराच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांची कुसळे होती. पैठणीच्या पदरावरची नक्षी प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरता फिरवून आणि शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेली असते, त्यामुळे तो पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो आणि मागे धागे लोंबत नाहीत. मी हे दाखवल्यावर विक्रेता शांतपणे म्हणाला, “मॅडम, एवढं कोण बघतं?” त्याचे म्हणणे खरे असावे. त्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत तशाच दोन साड्या विकल्या गेल्या.

यंत्रमागाची पैठणी घेण्यात मुळात गैर काही नाही, ती तशी म्हणून विकली गेली तर. ज्या साडीप्रकारांचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले आहे त्यांच्यासाठी 1985 चा कायदाही आहे. पण कायदा माग बघतो आणि गिऱ्हाईक लेबल बघते, या दोहोंच्या मधल्या जागेत असले व्यवहार चालतात.

पुढच्या शनिवारी आम्ही येवल्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पैठणीची मोठमोठी दालने आहेत. ती ओलांडून आत गल्लीत गेले की घराघरांतून मागाचा ठेका ऐकू येतो. ओळखीतून आम्ही ज्या विणकराकडे गेलो त्याच्या घरी पुढच्या खोलीत एकच माग होता. तो जमिनीत केलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, हिरवे रेशीम होते आणि पदराचा मोर मानेपर्यंत विणून झालेला होता. त्या एका ओळीत वेगवेगळ्या रंगांचा धागा गुंडाळलेल्या बारीक कांड्या मी मोजल्या, त्या 43 होत्या. तो ताण्याचे धागे बोटाने मोजून उचलत होता, एकेक कांडी तेवढ्यातून ओवत होता, शेजारच्या रंगाशी तिचा वेढा घालत होता, आणि सगळ्या कांड्या फिरून झाल्या की फणी एकदा ओढत होता. आम्ही तिथे पाऊण तास होतो. तेवढ्या वेळात मोर माझ्या करंगळीच्या नखाएवढा वर सरकला. कांड्या त्याची बायको भरून देत होती आणि आमच्याशी बोलणेही मुख्यतः तीच करत होती.

भाचीने तिथे जो प्रश्न विचारला त्याने आमचा बेत बदलला. “मला ही वर्षातून चार-पाच वेळा तरी नेसायची आहे. त्याला कोणती चालेल?” विणकराच्या बायकोने भरगच्च पदराच्या साड्या बाजूला केल्या. मोठे मोर आणि रुंद काठ असलेली साडी जड होते, बसायला-उठायला अवघड जाते, म्हणून ती लग्नानंतर बाहेर निघत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यापेक्षा मुनियांचा, म्हणजे छोट्या पोपटांचा, बारीक काठ, अंगावर तुरळक बुट्टी आणि पदरावर एकच ओळ मोरांची घ्यावी. एवढा सरळ सल्ला मला कोणत्याही दालनात मिळालेला नाही.

किंमत 28,000 रुपये ठरली आणि वेळ सहा आठवडे. हिशेब मी विचारला आणि त्यांनी आढेवेढे न घेता सांगितला. बंगळूरकडचे रेशीम, सुरतेची जर, रंगाई आणि ताणा लावून घेणे यांवर सुमारे 8,500 रुपये जाणार होते. राहिलेले 19,500 रुपये म्हणजे मागावरच्या 36 दिवसांची दोघांची कमाई, दिवसाला साधारण 540 रुपये. हीच साडी व्यापाऱ्यासाठी मजुरीवर विणली असती तर त्यांना 11,000 मिळाले असते, दिवसाला 305. हा एका घरचा हिशेब आहे आणि त्यावरून सगळ्या येवल्याबद्दल बोलणे बरोबर होणार नाही. देशपातळीवरचे चित्र याहून बिकट आहे. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा कमी आढळले होते. जरही सुरतेची आणि साडेतीनशेची साडीही सुरतेची, हे परतीच्या वाटेवर दादानेच बोलून दाखवले.

विहीणबाई, खण आणि टोपी

अडचण पैशांची होती. ठरवलेले 15,000 आणि लागणारे 28,000 यांतला फरक कोठून आणायचा? भाचीचे उत्तर तयार होते : यादीतल्या त्या 40 बिननावाच्या साड्यांतून. वहिनी मात्र बिथरली. “वन्सं, तुम्ही दोघी मोकळ्या व्हाल. मांडवात तोंड मला द्यायचंय.” यावर मला उत्तर सुचले नाही, कारण ती अक्षरशः खरे बोलत होती. आहेराचा निर्णय घराचा असला तरी त्याचे बोल घरच्या बाईलाच ऐकावे लागतात.

तोड आईने काढली. तिच्या लग्नाच्या काळी, म्हणजे 1968 साली, लांबच्या बायकांना साड्या देत नसत. खण आणि नारळाने ओटी भरत, आणि साडी फक्त मानाच्या चौघी-पाचजणींना असे. सगळ्यांना साड्या देण्याची रीत साड्या स्वस्त झाल्यावर आली. म्हणजे ज्याला आम्ही परंपरा म्हणून कवटाळून बसलो होतो ती आईच्या डोळ्यांसमोर सुरू झालेली होती. खणालाही एक खोट आहेच : हळदीकुंकवाला मिळणारे चकचकीत ब्लाउजपीस साड्यांसारखेच घरोघर फिरत असतात. म्हणून आम्ही बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड इथल्या मागावरचे खण मागवले, आणि धडधाकट बाईचाही ब्लाउज सहज होईल एवढ्या लांबीचे मागवले. प्रत्येकी 220 रुपये पडले, 56 खणांचे 12,320. मानपानाच्या आठ जणींना भाचीने स्वतः फोन करून काय आवडेल ते विचारले; तिघींनी इरकल मागितली, दोघींनी सुती, एका आत्याबाईंनी साडी नको, चांगली शाल द्या असे सांगितले, आणि दोघी म्हणाल्या की विचारतेस काय, तुला वाटेल ते दे. हे 21,400 रुपयांत बसले. टोप्या काढून टाकल्या आणि फक्त सोलापूरचे टॉवेल घेतले, 4,500 रुपये. टोपी काढण्याला आईचा शेवटपर्यंत विरोध होता. मांडव उठल्यावर त्या टोप्या खुर्च्यांखाली सापडतात हे तिलाही माहीत होते, पण डोक्यावर काही न ठेवता पाहुण्याला निरोप देणे तिला पटत नव्हते, आणि तिच्या समाधानासाठी दहा टोप्या आणल्याच.

सगळे मिळून आहेर 52,800 वरून सुमारे 38,300 वर आला आणि पैठणीचे पैसे उभे राहिले, जेमतेम हजार-दीड हजार अधिक मिळाले.

विहीणबाईंना हे सांगायला दादा आणि मी गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि आपल्या बाजूच्या बायकांना खण चालतील म्हणाल्या, पण त्यांच्या एका चुलत सासूबाईंचे नाव त्यांनी दोनदा घेतले. त्यांना साडीच द्या, असा त्याचा अर्थ होता. तो आम्हाला वेळेवर कळला नाही.

शालू आणि लेहंगा यांबद्दल थोडक्यात. 18,000 चा शालू घ्यावा लागू नये म्हणून आईचा शालू काढला, पण तो वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्यामुळे घडीच्या रेषांवर विरला होता आणि डांबराच्या गोळ्या लागून जर काळी पडली होती. रेशमी साडी मलमलीत गुंडाळावी आणि दर काही महिन्यांनी तिची घडी बदलावी, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्याकडेही माहीत होते. शेवटी वहिनीचाच शालू भाचीने नेसला. लेहंग्यावर मात्र मी हरले. तो भाड्याने घे, असे मी सांगून पाहिले. “आत्या, तुझ्या लग्नातला शालू तू किती वेळा नेसलीस?” असे तिने विचारले. मी तीन वेळा नेसले होते. लेहंगा विकतच आला, एकदा घातला गेला, आणि आता पुण्याच्या घरात पलंगाखालच्या बॅगेत आहे.

लग्नानंतर

पैठणी लग्नाच्या सहा दिवस आधी हातात आली. चौथ्या मोराची मान बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट हिरवी होती, कारण त्या रंगाचे रेशीम संपले आणि नव्याने रंगवलेल्या लडीत तीच छटा आली नाही. विणकराने ते फोनवर आधीच सांगितले होते आणि उसवून पुन्हा विणायची तयारी दाखवली होती, पण मग साडी मुहूर्ताला पोहोचली नसती. वहिनी अजूनही फोटो बघताना त्या मोरावर बोट ठेवते. भाची मुद्दाम तोच मोर समोर येईल असा पदर घेते. आठ महिन्यांत ती पैठणी चार वेळा नेसली गेली, त्यांपैकी एकदा कचेरीतल्या दिवाळीला.

खणांचे काय झाले याची मी चौकशी केली, तेव्हा 56 पैकी 23 जणींनी ब्लाउज शिवल्याचे कळले. एकीने त्याचा मुलीला परकर शिवला, एकीने देवघरातल्या पाटाला झालर लावली. बाकीचे घडीतच आहेत किंवा पुढे गेले असतील. हा आकडा मी मोठा मानत नाही, पण साडेतीनशेच्या 40 साड्यांपैकी किती जणींनी नेसल्या असत्या, हे त्या कपाटाने आम्हाला आधीच सांगितलेले होते.

त्या चुलत सासूबाई मात्र दुखावल्या. खण त्यांनी मांडवात घेतला, कपाळाला लावला आणि काही बोलल्या नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाची मुंज झाली. दादा-वहिनी गेले होते. निघताना सासूबाईंनी वहिनीची ओटी भरली आणि सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानेच, “आमच्याकडे साडी देतात हो,” असे म्हणत पिशवी हातात ठेवली. परवा मी नाशिकला गेले तेव्हा वहिनीने ती काढून दाखवली. राणी रंगाची, चंदेरी लेस लावलेली, काठाला टिकल्या. तिने दशीतले दोन धागे आधीच काढून ठेवले होते आणि माझ्यापुढे मेणबत्ती आणून ठेवली. मणी झाला. “वन्सं,” वहिनी म्हणाली, “चिठ्ठी लिहून ठेवू, का मी हिची घडी मोडू?”

मी काही सांगितले नाही. संध्याकाळी भाजी आणायला आम्ही दोघी निघालो, तेव्हा तिने ती नेसलेली होती. गंगापूर रोडच्या कोपऱ्यापर्यंत जाईतो दोन टिकल्या गळाल्या होत्या.